कुठल्या बाजूनं खातासा?

अक्का,

परवा तुमच्या शोकसभेत लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलले की ते कुणाविषयी बोलताहेत हेच मला काही वेळ कळेना. एकानं तुम्हाला शांत म्हटलं. शांत! दुसऱ्यानं मृदुभाषी म्हटलं तेव्हा तुमची धाकटी बहीण पदरात तोंड लपवून हसली, मी बघितलं. तुम्ही तिथं असतात तर पहिल्या पाच मिनिटांत "साकु, साकु, पुरे की, आटपा आता" म्हणत सगळ्यांना उठवलं असतंत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो, तुमच्या फोटोकडं बघितलं, "मला जमणार नाही" म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण त्याहून जास्त लाज होती, आणि ती तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून हे लिहितोय.

तुमच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा आलो तेव्हा दंतवैद्यकाची पदवी घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. राजारामपुरीतल्या त्या जागेत दोन खुर्च्या होत्या, एक बाकडं होतं आणि भिंतीवर दाताचं एकही चित्र नव्हतं. चित्र का नाही, असं मी विचारलं तर म्हणालात, "आलेल्या माणसाला दात दुखतोय ते ठावं असतंय की विन्या. त्याला आणि चित्र कशाला दाखवायचं?" तुमचं माहेर कुरुंदवाडचं, घरात निम्मं कानडी. भावंडं अक्का म्हणायची, त्यांचं ऐकून शेजारी, शेजाऱ्यांचं ऐकून पेशंट आणि मग मी. आपल्याकडच्या बायकांसारखं तुम्हीही "मी येतो, मी बघतो" म्हणायचात. आणि खरोखर यायचात आणि बघायचात.

दवाखाना कोल्हापुरात होता, पण तुमचा जीव अडकला होता चंदगडात. महिन्यातल्या एका रविवारी आपण एसटीनं तिकडच्या खेड्यांत दातांचा कॅम्प घ्यायला जायचो. तिथल्या विजेचा भरवसा नव्हता, आणि विजेवाचून दात कोरायचं यंत्र म्हणजे नुसतं ओझं. म्हणून तुम्ही चमच्यासारख्या बारीक हत्यारानं हातानंच कीड खरवडून काढायचात, आणि पूड व द्राव घोटून होणारं पांढरं सिमेंट त्या खड्ड्यात भरायचात. दाढेत चांदी भरायची, हेच तेव्हा सगळ्यांना ठाऊक. हातानं घोटलेलं सिमेंट दाढेत किती टिकणार, म्हणून शहरातले दंतवैद्य हसायचे. "पुस्तकात टिकतं असं लिहिलंय," मी म्हणालो होतो. "पुस्तकातली तोंडं पाव खात्यात," तुम्ही म्हणालात. "आपल्या तोंडात भाकरी हाय. आपण आपलं बघू."

'आपण आपलं बघू' याचा अर्थ मला हळूहळू कळला. भरलेला प्रत्येक दात वहीत उतरवायचा आणि दर वर्षी त्या माणसाच्या दारात जाऊन तो दात पुन्हा बघायचा. माणूस शेतात असला तर शेतात, लग्नाला गेला असला तर पुढच्या खेपेला. कुठल्या कॉलेजानं हे सांगितलं नव्हतं आणि यातून कुठली पदवीही मिळायची नव्हती. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात नियम लिहिला: भराव जागेवर असेल आणि माणसाची तक्रार नसेल तर दात यशस्वी. प्रत्येक दातापुढं भरणाऱ्याची खूण, तुमची 'अ', माझी 'वि'. नियम आधी लिहायचा आणि मगच दात बघायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. पुढं त्याच नियमावरून आपण भांडलो.

माझा हात चालायचा. तुमचे दोन दात होईपर्यंत माझे चार व्हायचे. रांगेतली माणसं एकमेकांना म्हणायची, "त्या डाक्टरकडं जावा, बिगीनं उरकतंय," ते ऐकून मी फुगायचो. भराव घट्ट झाला की दातांमध्ये निळा कागद धरून माणसाला चावायला लावायचं, जिथं निळं गडद उमटेल तिथं भराव उंच आहे असं समजून खरवडायचं आणि पुन्हा कागद लावून खात्री करायची, ही आपली रीत. तुमच्याकडं हा कागद दोनदा लागल्याशिवाय माणूस खुर्चीतून उठत नसे. एका रविवारी तुम्ही तापानं घरी होतात आणि कॅम्प मी एकट्यानं केला. बाहेर धो धो पाऊस, शाळेच्या व्हरांड्यात ही रांग, आणि परतीची गाडी चुकायची धास्ती. दुसऱ्या दिवशी मी छाती काढून सांगितलं, सगळी रांग संपवून आलो. तुम्ही एवढंच विचारलंत, "निळा कागद दोनदा लावलास न्हवं?" मी हो म्हणालो.

अक्का, मी दोनदा लावला नव्हता. निम्म्या लोकांना एकदा लावला, आणि उरलेल्यांना "चावून बघा, बरं वाटतंय का?" एवढंच विचारलं. सगळे म्हणाले, बरं हाय की. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आता सांगतोय, कारण आता तुम्ही मला झापू शकत नाही. याला पळपुटेपणा म्हणतात, ते मला कळतं.

पुढची तीन वर्षं आपली वही काय सुंदर भरत गेली! भराव जागेवर, चकचकीत, कडा शाबूत. "दुखतं का?" "न्हाय." "बरं आहे ना?" "बरं हाय की." सिमेंट झिजतसुद्धा नव्हतं. मी तर मनातल्या मनात निबंध लिहायला घेतला होता, दंतवैद्यांच्या परिषदेत तो वाचला जाईल तेव्हा कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत माझं ठरलं होतं. तुम्ही मात्र एकदा कुणाच्या तरी तोंडात आरसा धरून पुटपुटलात, "भाकरी खाणाऱ्याच्या दाढंतलं सिमिट झिजंना कसं?" मी म्हणालो, सिमेंट चांगलं आहे म्हणून. 

मग एका खेपेला शेवंताबाईंनी आपल्याला जेवायला थांबवलं. त्यांची खालची उजवी दाढ म्हणजे आपल्या वहीतली सगळ्यात देखणी दाढ, खूण 'वि'. तपासून झालं, बरं हाय की म्हणून झालं, आणि त्यांनी नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. तुम्ही आग्रह केलात म्हणून त्याही आपल्याबरोबर बसल्या. माझं लक्ष ताटात. तुमचं त्यांच्या गालाकडं, आणि तुमचा घास हातातच.

"शेवंताबाई, त्या अंगानं का खाईनासा?"

"कंच्या?"

"उजव्या."

"तिकडनं खात न्हाय मी."

"कवापास्नं?"

"तुमी सिमिट भरल्यापास्नं. तिकडं घास न्हेला की मस्तकापत्तोर कळ जाती."

"अवो, मग तीन वर्सं इचारतोय की आमी! सांगितलं का न्हाय?"

शेवंताबाईंना तो प्रश्नच समजेना. "तुमी काय इचारलासा? बरं हाय का. तिकडनं खायाचं सोडल्यावर बरंच हाय की." मग पदर सारखा करत जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आन येवढ्या लांबनं येतासा तुमी. तोंडावर वंगाळ कसं सांगायचं?"

तुम्ही आधी हसलात. घास ताटात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. शेवंताबाई हसल्या, मीही हसलो. मग तुमचं हसू ओसरलं आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तो भराव तीन वर्षांत झिजला नव्हता, कारण तीन वर्षांत त्याच्यावर एकही घास पडला नव्हता. तुम्ही हात धुतलेत, पिशवीतून निळा कागद काढलात आणि तिथं चुलीपुढंच त्यांना चावायला लावलंत. दाढेवर एकच गडद निळा ठिपका. दोन मिनिटं खरवडलंत, पुन्हा कागद, पुन्हा खरवडणं. "आता खावा." शेवंताबाईंनी भाकरीचा तुकडा भीत भीत उजवीकडं घेतला, डोळे मिटून चावला, मग डोळे उघडून पुन्हा चावला. "आग्गं बया," एवढंच म्हणाल्या, आणि ती अख्खी भाकरी त्यांनी त्याच बाजूनं संपवली.

परतीच्या एसटीत तुम्ही वहीच्या मागच्या पानावर नवा प्रश्न लिहिलात: कुठल्या बाजूनं खातासा? आणि नुसतं विचारायचं नाही, समोर खायला लावायचं. पुढच्या फेरीला तुम्ही डबाभर फुटाणे घेऊन निघालात. तपासणीला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुटाणे वाटणारी डॉक्टर बघून पोरं मागं मागं फिरायची. आणि निकाल धडाधड कोसळला. घरोघरी एका बाजूनं खाणारी माणसं निघाली. काहींच्या सिमेंटखाली पुन्हा कीड लागली होती, त्यात दोघांपैकी कुणाच्या हाताचा दोष नव्हता. पण बाकीच्या ठिकाणी निळा ठिपका गडद उमटायचा आणि वहीत बघितलं की बहुतेक वेळा खूण 'वि'. तुमच्या तापाच्या रविवारची पानं तर जवळजवळ ओळीनं. तुम्ही ती पानं उलटत होतात आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. तुम्ही मला काही विचारलं नाहीत.

मी भांडलो. लाज लपवायला माणूस जितक्या जोरात भांडतो तितक्या जोरात भांडलो. "नियम आधी ठरलाय. भराव जागेवर, तक्रार नाही. मध्येच मोजपट्टी बदलायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

"तुझं बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "नियमात बसतंय. तोंडात बसंना, त्याचं काय करायचं?"

"मग नवा अभ्यास करू. जुन्याचा निकाल जुन्या नियमानं लावा."

"आणि शेवंताबाईला यशस्वी म्हणू?"

"नियमानं, हो."

"डॉक्टरसाहेब," तुम्ही म्हणालात. तुम्ही विन्या सोडून डॉक्टरसाहेब म्हणालात की माझे कान तापायचे. "सिमिट टिकावं म्हणून भरतोय का आपण, का माणसानं खावं म्हणून?"

अक्का, मोजण्याच्या शास्त्रानं मी बरोबर होतो, असं मला अजूनही वाटतं. कॉलेजात मुलांना मी तेच शिकवतो. शिकवून झालं की शेवंताबाईंची गोष्ट सांगतो, आणि मग कुणाचं बरोबर हे मुलांना सांगता येत नाही, मलाही येत नाही. तुम्ही शेवटी निबंधात दोन्ही लिहिलंत. जुन्या नियमाचा निकाल वेगळा, खाण्याचा वेगळा, आणि मध्येच प्रश्न का बदलला तेही सरळ लिहिलंत. तरी ते भांडण पुरं झालंच नाही. मला ते आणखी एकदा तुमच्याशी करायचं होतं, जरा कमी जोरात.

त्या भांडणानंतरच्या सोमवारी तुम्ही स्वतःच खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "माझ्या दाढंवर सिमिटाचा एक उंच ठिपका ठेव." मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. आठवडाभर तुम्ही तो ठिपका तोंडात घेऊन वावरलात. पेशंट तपासलेत, मंडईतून भाजी आणलीत, एका बाजूनं जेवलात. तिसऱ्या दिवशी कपाळ दाबत बाकड्यावर बसला होतात. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "बरं हाय न्हवं?" आणि तुम्ही म्हणालात, "बरं हाय की." मग माझ्याकडं वळून तोंडावर हात ठेवलात. "बघितलास? मी बी तसंच म्हणालो." पेशंटचं दुखणं समजून घ्या, असं आम्हाला सगळ्याच गुरुजनांनी सांगितलं. ते तोंडात ठेवून बघणारी बाई मला एकच भेटली.

परिषदेत तुम्ही निबंध वाचलात तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. 'पहिला हात' आणि 'दुसरा हात' असे दोन रकाने तुम्ही पडद्यावर दाखवलेत. दुसऱ्या हाताचा रकाना वाईट होता आणि तुम्ही त्याला एका अक्षरानंही रंगसफेदी केली नव्हती. एका ज्येष्ठ दंतवैद्यांनी उठून विचारलं, "हा दुसरा हात कुणाचा?" मी बुटांकडं बघायला लागलो. "माझ्याच दवाखान्याचा," तुम्ही म्हणालात. "शिकवलं मी हाय, तवा माझाच." सगळे हसले. सिमेंटचं कौतुक ऐकायला आलेली मंडळी मात्र नाराज होऊन गेली, आणि तो निबंध कुठं मोठ्या ठिकाणी छापून आला नाही. तुम्हाला त्याचं काही वाटलं असेल तर तुम्ही ते मला दिसू दिलं नाहीत. शाहूपुरीच्या कोपऱ्यावर आपण मिसळ खाल्ली, आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी खाऊन दाखवलंत.

निबंध संपला तिथं माझ्यासाठी काम संपलं. तुमच्यासाठी तिथून सुरू झालं. वहीतली एकेक उंच दाढ खाली आणायची होती. पहिले पाच-सहा रविवार मी आलो. मग मला दुसऱ्या गावी कॉलेजात नोकरी लागली, मग लग्न झालं, मग मुलगी झाली. सगळी खरी कारणं आहेत. त्या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक होतं: ज्यांचे दात मी बिघडवले त्यांच्या तोंडात बघायची मला हिंमत नव्हती. तुम्ही एकदाही "येतोस का?" म्हणाला नाहीत. दोन हजार साल उलटून गेलं. मी दिवाळीला भेटायला यायचो, तुम्ही समोर चिवडा ठेवायचात, मी खाताना माझ्या गालाकडं बघायचात, आणि आपण माझ्या मुलीबद्दल, कॉलेजाबद्दल बोलायचो.

गेल्या दिवाळीत मी ठरवून आलो होतो. त्या रविवारचं, निळ्या कागदाचं, सांगायचंच. तासभर बसलो. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला. तुम्ही बारीक दिसत होतात. शेवटी चपला घालताना तोंडातून निघालं ते एवढंच, "अक्का, तब्येत बरी आहे ना?" तुम्ही म्हणालात, "बरी हाय की." आणि त्या शब्दांचा अर्थ अख्ख्या जिल्ह्यात ज्याला सगळ्यात चांगला ठाऊक असायला हवा होता, तो मी, ते खरं मानून जिना उतरलो.

परवाची सभा संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर लांबच्या एसटीचा शीण. मी तिला ओळखलं नाही, तिनंही मला नाही. चंदगडाकडची होती, आणि तुमच्याबद्दल बोलायला तिला कुणीतरी हवं होतं.

"आमच्या साळंत कॅम्प झालता, लई पाऊस हुता," ती म्हणाली. "अक्का आल्या नव्हत्या त्या दिशी. एक तरणा डाक्टर आलता, तोंडाला फडकं बांधून. त्यानं भरलेली दाढ लई तरास द्यायची बगा. मग अक्कांनी येऊन खरडून नीट केली. तवापास्नं दर सालाला यायच्या बगायला."

"त्या डॉक्टरबद्दल काही म्हणायच्या?" मी विचारलं. का विचारलं, ठाऊक नाही.

"म्हनायच्या की! मी त्याला शिव्या दिल्या की मलाच वरडायच्या. त्याचा हात लई हलका हाय म्हनायच्या, जरा घाई हाय येवढंच. आन दर सालाला त्येच, आवंदा त्यो बी येनार हाय माझ्यासंगं." ती हसली. "आमी वाट बगून दमलो. पर अक्कांचं आपलं त्येच, आवंदा येनार हाय."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.  "तो डॉक्टर मीच," मी म्हणालो. "तुमच्या दाढेचं माझ्याच हातून चुकलं. मी नीट तपासलं नव्हतं, आणि अक्कांना तपासलं म्हणून सांगितलं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. रागानं नाही, बाजारात वस्तू निरखून बघावी तसं. "मग आलासा न्हाय ते?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही. तिच्या जावेची एक दाढ या खेपेला तुम्ही बघणार होतात, आणि गल्लीत आणखी दोघं आहेत, असं तिनं सांगितलं. "येतासा का?"

"येतो."

"कवा?"

अक्का, इतकी वर्षं तुम्ही त्या लोकांना माझ्या वतीनं शब्द देत राहिलात आणि मला एका अक्षरानं बोलला नाहीत. बोलला असतात तर मी कारण सांगितलं असतं, आणि ते तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, हे आता कळतंय. त्या बाईला मी पुढचा रविवार सांगितलाय.